यादीची पहिली ओळ

पडद्यावर ‘आपली खात्री आहे का?’ असा प्रश्न आला की माझं बोट अडतं. विजेचं बिल भरायचं असो नाहीतर एसटीचं तिकीट काढायचं असो, त्या प्रश्नापाशी मी खुर्चीतून उठून उभी राहते. नवरा म्हणतो, अगं बसून भर की, कुणी पळवून नेतंय का? पण बसवत नाही. लातूरच्या क्लासच्या गल्लीत मी कैक वर्षं लोकांचे फॉर्म भरून दिले, आणि आता स्वतःचा एक भरायचा तर प्रत्येक ओळ दहादा वाचते. याला कारण माझ्या भावाची मुलगी आहे. म्हणजे कारण मीच आहे, पण सांगताना सुरुवात तिच्यापासून करायची सवय लागली आहे. तर आधी माझंच सांगते.

माझं माहेर नांदेडचं. भूकंप झाला तेव्हा मी टायपिंगची परीक्षा देऊन घरी बसले होते. आमच्याकडे पलंग हलला, मांडणीवरची भांडी वाजली, एवढंच. खरं काय झालं ते सकाळी रेडिओवर कळलं. पुढच्या वर्षी लग्न होऊन लातूरला आले. नवरा सरकारी कचेरीत कारकून. लातूर तेव्हा धड झोपत नव्हतं. घराघरात तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी अशी उतरंड करून ठेवलेली असायची. जमीन हलली तर ती पडेल आणि जाग येईल म्हणून. सासूबाई कडी न लावता झोपत. मी मुळातच चुळबुळी, एका जागी दहा मिनिटं बसले तर ‘हिला ताप आलाय का’ अशी आईला शंका यायची. त्यात असं घर मिळालं.

नवऱ्यानं मला कचेरीसमोरच्या टायपिंगच्या दुकानात काम लावून दिलं. घरं पडलेली माणसं अर्ज करायला यायची. “बाई, तुमीच लिवा,” म्हणायची आणि समोर बसून राहायची. छापील फॉर्मात कुटुंबातल्या माणसांसाठी सहा ओळी होत्या. एका म्हाताऱ्यानं मला चौदा नावं सांगितली, आणि मग त्यांतल्या कुठल्या नावांपुढं फुली करायची तेही त्यानंच सांगितलं. मी सहा ओळींच्या खाली लिहिलं, समासात लिहिलं, पाठीमागे लिहिलं. कारकुनानं कुरकुर केली, पण अर्ज घेतला. खाडाखोड झाली तर शेजारी सही केली की भागायचं. कागदानं लोकांना कमी रडवलं असं मी म्हणणार नाही, चपला झिजवायला त्यानंच लावल्या. पण त्याच्यावर कुठंही लिहिता यायचं.

मग मुलं मोठी होईतो लातूर पार बदललं. दहावी-बारावीचे निकाल गाजले आणि गावोगावची पोरं इथं शिकायला यायला लागली. आमच्या गल्लीत एकामागून एक क्लास उघडले, मग वसतिगृहं, मग मेस, मग झेरॉक्स. आया स्वयंपाकाची भांडी घेऊन पोरांसोबत एका खोलीत राहायला आल्या आणि बाप रविवारच्या एसटीनं ये-जा करू लागले. प्रवेशाचे फॉर्म इंटरनेटवर आले तसं मी टाइपरायटर विकून तीन कॉम्प्युटर घेतले आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलं. ‘ऑनलाईन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी लावली. पाटी बघून लोक आत यायचे आणि म्हणायचे, “बाई, तुमीच भरा.” वीस वर्षांत एक शब्द बदलला होता.

ते फॉर्म कुणी बनवले मला माहीत नाही. पण ज्यांनी बनवले त्यांनी मराठवाड्यातला एकही बाप पाहिलेला नव्हता हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पासवर्ड विसरलात तर उपयोगी पडावा म्हणून एक प्रश्न विचारायचे: तुमच्या पाळीव प्राण्याचं नाव काय? मी विचारलं की माणूस गंभीरपणे म्हणायचा, “बैल दोन हायत, कोंचा लिवायचा?” ईमेल पाहिजे म्हटलं की लोक माझ्या तोंडाकडे बघायचे, म्हणून सगळ्या पोरांना ईमेल मीच काढून दिले. फोनवर येणारा आकडा टाका म्हटलं तर फोन बापाच्या खिशात आणि बाप शेतात, म्हणून नंबरही माझाच. फोटोची मागची बाजू पांढरी पाहिजे म्हणून दुकानात भिंतीला एक चादर ठोकली होती. सगळ्यात वाईट म्हणजे ते पान थोडा वेळ हात लावला नाही की आपोआप बंद व्हायचं. आमच्याकडे कुठली गोष्ट थोड्या वेळात ठरते? शाखा कुठली घ्यायची हे मामाला विचारायचं, मामा शिक्षक असलेल्या साडूला विचारणार, साडू जेवायला बसलेला असणार. तो हात धुऊन फोनवर येईपर्यंत पान बंद. मग सगळं पहिल्यापासून. मी चिडायची, ओरडायची, लोक ऐकून घ्यायचे. फॉर्म भरणाऱ्या बाईनं ओरडायचंच असतं असं त्यांना वाटायचं.

या सगळ्यात मी एक नियम केला होता आणि त्याचा मला अभिमानही होता. माऊस माझ्या हातात राहणार. पोरगं कितीही हुशार असो, त्यानं शेजारच्या स्टुलावर बसायचं आणि विचारलं तेवढं सांगायचं. एकाच्या हातानं चुकलं की दुसऱ्या दहा जणांचा खोळंबा होतो, असं मी सांगायची. गल्लीत माझं नावच झालं होतं, की त्या बाईच्या दुकानात फॉर्म चुकत नाही.

माझा थोरला भाऊ, ज्याला मी अण्णा म्हणते, मुखेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. त्याची मुलगी अकरावीला माझ्याकडे राहायला आली. ती माझ्याहून उलटी. एका जागी बसली की बसली. तिला पुढं इंजिनिअरिंगला कॉम्प्युटरची शाखा हवी होती आणि तीही पुण्याच्या एका ठरावीक कॉलेजात. त्या कॉलेजचं चित्र तिनं कुठल्याशा पुस्तिकेतून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. दोन वर्षं तिनं तेवढ्यासाठी घासली. मार्क आले तेव्हा मागच्या वर्षीची यादी काढून मी स्वतः पडताळून पाहिलं. जागा तिला मिळण्यासारखी होती. काठावर नाही, चांगली आरामात.

आता फक्त पसंतीक्रम भरायचा होता. कुठलं कॉलेज पहिलं, कुठलं दुसरं, अशी यादी द्यायची. यंत्र वरून खाली बघत येतं आणि जे पहिलं बसेल ते देतं. त्यातही पहिल्याच ओळीवरचं मिळालं, तर तुमच्या मनासारखं झालं असं धरून तुमचं नाव पुढच्या फेऱ्यांतून काढून टाकतं. हा नियम मी गल्लीतल्या प्रत्येक बापाला बोटं मोजून समजावलेला.

शेवटच्या दिवशी अण्णा सकाळच्या बसनं आला. शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद. कागदाच्या डोक्यावर आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे ‘हळद-कुंकू’ लिहिलेलं. किराण्याची यादी असो, लग्नाची असो, नाहीतर शाळेच्या खडूंची, अण्णाची यादी हळद-कुंकवानंच सुरू होते. घरात हळद डबाभर असली तरी. आणि त्याखाली एक नंबरला त्यानं माहूरच्या वाटेवर नुकतंच निघालेलं एक लहानसं कॉलेज लिहिलं होतं. पुणं दोन नंबरला.

“अण्णा, हे काय?”

“कुळदेवीच्या वाटंवरलं हाय ते. पयली वळ देवीची. मंग खाली तुमचं पुणं-बिणं लिवा.”

“अरे, तेच मिळंल ना मग!”

“कसं मिळंल? आपल्याला पुणं पायजे ना? वरचं नुसतं मानाचं हाय. येवढं शिकलेली तू, तुला कळंना का?”

मला कळत होतं. आम्हा लोकांत यादीची पहिली ओळ मागण्यासाठी नसतेच, ती मान देण्यासाठी असते. मागणं दुसऱ्या ओळीपासून सुरू होतं. पत्रिकेवर पहिलं नाव कुलदैवताचं, म्हणून काही कुलदैवत जेवणाच्या पंगतीत येऊन बसत नाही. हे अण्णाला यंत्राच्या भाषेत कसं सांगायचं? एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “देवीला खाली ढकलायचं व्हय? माझ्या लेकराच्या फॉर्मात?” आणि कागदाची घडी पुन्हा उलगडून माझ्यापुढं धरली. थोरल्या भावाशी चारचौघांत वाद घालायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि दुकानात तर पंधरा माणसं उभी होती. मी मनात ठरवलं, आत्ता त्याच्या मनासारखं करू. तो गेला की ती ओळ गुपचूप खाली सरकवू. त्याला कुठं कळणार आहे?

मी पहिल्या ओळीत ते कॉलेज घातलं, खाली पुणं, त्याखाली बाकीची लांबलचक यादी, आणि ती जतन केली. अण्णानं पडद्याला दोन बोटं लावून ती कपाळाला लावली. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुपारच्या बसनं निघून गेला.

ती स्टुलावर बसली होती. बाप दाराबाहेर पडल्यावर म्हणाली, “आत्या, आता?”

“हाव, करते.”

करायला घेतलं तोवर पान बंद पडलं होतं. पुन्हा उघडलं. पलीकडे एक आई रडवेली होऊन उभी, तिच्या मुलाचा फोटो चढत नव्हता. तो चढवून दिला. परत आले. पान पुन्हा बंद. पुन्हा उघडलं. यादीत प्रत्येक नावापुढं वर-खाली करायचे बारीक बाण होते. देवीच्या वाटेवरचं कॉलेज मी खाली, खाली, अगदी तळाला नेलं. पुणं एक नंबरला आलं. डोळ्यांनी पाहिलं. तिनंही पाहिलं, आणि हसली.

“आत्या, मी बसू का एकदा? एकदा नीट वरपासून खालपर्यंत बघते. मला बसू दे ना.”

“तू कशाला? माझा हात बसलाय त्यावर. गर्दी बघ किती हाय.”

ती उठता उठता परत बसली. पानाच्या वरच्या कोपऱ्यात मोठं हिरवं बटण होतं, यादी कायमची पक्की करण्याचं. मी ते दाबलं. खात्री आहे का, असं विचारलं. ते पान दर दोन पावलांवर हाच प्रश्न विचारायचं, त्यामुळं तो वाचायचं मी कधीच सोडलं होतं. ‘हो’ दाबलं. कागद छापून आला. तो मी पिशवीत घातला आणि पुढच्याला हाक मारली.

केलेला बदल आधी जतन करायला लागतो आणि ते जतन करायचं लहान करडं बटण यादीच्या पार तळाशी, पडद्याच्या खाली, दिसणार नाही असं होतं. मी ते दाबलंच नव्हतं. पडद्यावर नवी यादी दिसत होती आणि आत जुनीच होती. हिरव्या बटणानं जुनी पक्की केली. दुसऱ्या पोरांच्या वेळी असं कधी झालं नव्हतं, कारण त्यांच्या याद्या भरून झाल्यावर मला गुपचूप काही सरकवायचंच नसायचं.

निकाल लागला त्या दिवशी पहिला फोन अण्णाचाच. गावातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर त्यानं बघितलं होतं. “देवीनं ऐकलं गं! पयलंच लागलं, पयलंच! मी तुला म्हणलो नव्हतो?” मागं शाळेतली पोरं ओरडत होती, त्यानं पेढे वाटले असावेत. मी ‘हाव, हाव’ म्हणत राहिले. ती समोर उभी होती. तिनं पिशवीतला कागद काढला, पहिली ओळ वाचली आणि घडी करून माझ्या टेबलावर ठेवला.

मी चप्पल घालायचीही विसरले आणि तशीच रिक्षा करून मदत केंद्रावर गेले. तिथला माणूस सभ्य होता, ओरडलासुद्धा नाही. म्हणाला, “मॅडम, पहिला पर्याय तुम्हीच दिलाय. मुलीच्या पसंतीचंच मिळालंय ना?” मी त्याला हळद-कुंकवापासून सांगायला लागले. त्यानं मला पाणी दिलं. मग मी तक्रार लिहायला बसले, तर तक्रारीच्या चौकटीत चार ओळींपेक्षा जास्त मावेना आणि मराठी अक्षर तर ती घेईचना. मी ज्यांच्या ज्यांच्यावर चिडता येईल त्या सगळ्यांवर चिडले. बटणावर, अण्णावर, त्या रडव्या आईवर, देवीवरसुद्धा. मग देवीची माफी मागितली. घरी आले तर पोरगी पोळ्या करत होती.

“मी अण्णाला खरं काय ते सांगते,” मी म्हणाले.

“नको आत्या. त्यांनी देवीला पातळ नेऊन वाहिलंय. ते लई खूश हायत.”

“आणि तू?”

तिनं पोळी उलटली. “पोळपाटावर जरा पीठ टाक,” म्हणाली.

ती त्या कॉलेजात गेली. कॉलेज वाईट होतं असं नाही, पण प्रयोगशाळेत मशिनी आल्याच नव्हत्या, आणि नोकरी द्यायला तिथवर कुणी जायचं नाही. चार वर्षांनी नांदेडला परत येऊन दोन वर्षं तिनं एका क्लासमध्ये गणित शिकवलं. संध्याकाळी घरी बसून जुन्या लॅपटॉपवर स्वतःच शिकत राहिली. तिच्या बरोबरीची पोरं परदेशी जाऊन आली तेव्हा हिला पुण्यात पहिली नोकरी लागली. इतकी वर्षं मी तिला प्रत्येक सणाला नवा ड्रेस घेतला, आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, कशाला गं आत्या. मी तिच्या नजरेला नजर देत नसे. काही ना काही उचलत, ठेवत, पुसत राहायची. दुकान तर केव्हाच बंद केलं होतं. लोकांच्या हातात मोबाईल आले म्हणून, असं मी सांगायची.

मागच्या दिवाळीला ती लातूरला आली. तिचं काम आता हेच आहे: नवं पान बनलं की ते साध्या माणसापुढं ठेवायचं आणि तो कुठं अडतो ते बघायचं. फराळ झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडून माझ्यापुढं सरकवला. दवाखान्यात डॉक्टरची वेळ घ्यायचं पान होतं. “आत्या, उद्या तुझा गुडघा दाखवायचाय असं समज आणि वेळ घे. मी काही सांगणार नाही.” ती शेजारी बसली, वही उघडून, दोन्ही हात मांडीवर.

“हे दाबू का?”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटायचं काय त्यात? तू केलंयस ना? सांग की.”

मी चुकीचं दाबलं. तिचा हात जागचा हलला नाही. मी परत मागं गेले, परत चुकले. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. आपण चुकतोय आणि शेजारी बसलेल्या माणसाला बरोबर काय ते माहीत आहे, तरी ते माणूस आपल्या हातातून माऊस ओढून घेत नाही, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. अर्ध्या तासानं उद्याऐवजी पुढच्या महिन्याची वेळ मिळाली. तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, “छान. लई उपयोग झाला.”

“छान काय? चुकलं की सगळं.”

“माणूस चुकला असं आम्ही लिहीतच नाही, आत्या. पान कुठं चुकलं ते लिहितो.”

बुडत्यानं काडी धरावी तसं मी ते वाक्य धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. म्हटलं, “मग त्या दिवशीसुद्धा ते जतन करायचं बटण तसं तळाशी...”

“हाव. ते बटण चुकीच्याच जागी होतं. मी नोकरीच्या मुलाखतीत तेच उदाहरण दिलं होतं.” तिनं वही मिटली. “बटणाचं मला कधीच काही वाटलं नाही. मी तुला म्हटलं होतं, मला एकदा बसू दे. तू का नाही बसू दिलंस?”

गर्दी होती. पान बंद पडत होतं. ती आई रडत होती. शेवटचा दिवस होता. सगळी उत्तरं तोंडात तयार होती, आणि सगळी खरी होती. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती, मघासारखीच, काही न सुचवता.

“मला वाटलं, तुझ्या हातून चुकेल,” मी म्हणाले.